छातीत न दुखता येणारा हृदयविकाराचा झटका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील तालुक्यांतून आणि खेड्यापाड्यांतून रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि कधी कधी गावातील आशाताईसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरात आत्ता, या क्षणी कोणाला त्रास होत असेल तर बाकीचे सोडून आधी प्रश्न ९ वाचावा.

१. छातीत अजिबात न दुखता हार्ट अटॅक येऊ शकतो का?

होय, येऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकून त्या स्नायूचा काही भाग रक्ताविना मरू लागणे म्हणजे हृदयविकाराचा झटका. छातीत दुखणे हे त्याचे सर्वांत परिचित लक्षण आहे, पण ते असलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात झटका येऊन दाखल झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांतील ३३ टक्के रुग्णांना रुग्णालयात येताना छातीत दुखत नव्हते.

यात दोन प्रकार वेगळे ठेवावेत. पहिल्या प्रकारात छाती दुखत नाही, पण धाप, घाम, उलटी, चक्कर असा काहीतरी त्रास होतो आणि तो दुसऱ्याच आजाराच्या नावावर जमा होतो. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला लक्षात राहण्यासारखे काहीच होत नाही आणि पुढे केव्हातरी ईसीजी (हृदयाच्या विद्युत लहरींचा कागदावरचा आलेख) काढल्यावर जुना झटका उघडकीस येतो. या दुसऱ्या प्रकाराविषयी प्रश्न १८ पाहावा.

२. हृदयाला एवढी इजा होत असताना दुखत का नाही?

हृदयातून निघणारी वेदनेची जाणीव ज्या मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यात पोहोचते, त्याच ठिकाणी खांदा, हात आणि छातीची वरची बाजू यांच्याकडून येणारी जाणीवही येऊन मिळते. दोन ओढ्यांचे पाणी नदीत मिसळल्यावर खालच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला कोणते पाणी कोणत्या ओढ्याचे हे सांगता येत नाही, तसे मेंदूचे होते. त्यामुळे दुखणे हृदयाचे असले तरी ते दंडात, पाठीत किंवा जबड्यात जाणवते. हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्याला टेकलेला असतो, म्हणून त्या भागातील झटक्यात मळमळ, उलटी आणि पोटाच्या वरच्या भागातील कळ हीच मुख्य लक्षणे ठरू शकतात.

बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांत कारण आणखी वेगळे असते. वाढलेली साखर पायांच्या नसा बधिर करते, तशीच हृदयाकडे जाणाऱ्या नसाही निकामी करते. पायात काटा रुतला तरी ज्यांना कळत नाही, त्यांना हृदयाची वेदना पूर्ण ताकदीने कळेल अशी अपेक्षा धरू नये.

३. मग कोणत्या लक्षणांवरून शंका घ्यावी?

अचानक सुटलेला गार घाम, नेहमीच्या कामात पूर्वी कधी न लागलेली धाप, हातपाय गळून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, कारण नसताना उलट्या होणे, दोन्ही खांद्यांत किंवा पाठीच्या दोन फऱ्यांच्या मधोमध भरून येणे, जबडा किंवा दाढ दुखणे आणि नेमके काय होते आहे ते न सांगता येणारी घाबरल्यासारखी अवस्था, ही मुख्य लक्षणे आहेत. आपल्याकडे रुग्ण ‘कसंतरीच होतंय’, ‘जीव घाबरा झाला’, ‘पाठीत उसण भरली’ अशा शब्दांत हे सांगतात आणि ऐकणाऱ्याने ते शब्द हलक्यात घेऊ नयेत.

एक साधा नियम उपयोगी पडतो. जबड्यापासून बेंबीपर्यंत कोठेही नव्याने सुरू झालेला आणि दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारा त्रास, विशेषतः घाम किंवा धाप यांच्यासह असेल तर, ईसीजी निघेपर्यंत हृदयाचाच समजावा. श्रम केल्यावर सुरू होणारा आणि बसल्यावर थांबणारा त्रासही तितकाच महत्त्वाचा आहे. शेतातून डोक्यावर वैरणीचा भारा आणताना रोज ठरावीक अंतरावर दाढ किंवा डावा दंड दुखत असेल, तर ती बहुधा झटक्याची पूर्वसूचना असते.

४. असा झटका कोणाला येण्याची शक्यता जास्त असते?

मधुमेही, स्त्रिया, पंचाहत्तरीच्या पुढचे वृद्ध, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले आणि ज्यांचे हृदय आधीच कमकुवत आहे किंवा ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला आहे असे रुग्ण. मात्र वयाच्या बाबतीत आपण निश्चिंत राहू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील एका मोठ्या अभ्यासाच्या माहितीतून पुढे असे आढळले की, भारतासह दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो आणि इतर देशांत तो सुमारे ५९व्या वर्षी येतो. तंबाखू हे आपल्याकडचे मोठे कारण आहे आणि त्यात विडी-सिगारेटइतकीच तंबाखू-चुना, गुटखा आणि बायका दातांना लावतात ती मिसरीही धरावी.

५. पित्त आणि अटॅक यांतला फरक घरच्या घरी ओळखता येतो का?

खात्रीने ओळखता येत नाही. डॉक्टरलाही तो केवळ बोलून आणि पोट दाबून ओळखता येत नाही. छातीत जळजळणे, आंबट पाणी घशाशी येणे, आडवे झाल्यावर त्रास वाढणे, वर्षानुवर्षे तसाच त्रास होत आलेला असणे या गोष्टी पित्ताच्या बाजूने बोलतात. चालल्यावर त्रास वाढणे, घाम फुटणे, धाप लागणे आणि ‘या वेळचे काही वेगळेच आहे’ असे रुग्णाने स्वतः म्हणणे या गोष्टी हृदयाच्या बाजूने बोलतात.

सर्वांत फसवी खूण म्हणजे आराम पडणे. सोडा प्यायला, ओवा आणि काळे मीठ खाल्ले, ढेकर आली आणि बरे वाटले, म्हणून ते पित्तच होते असे सिद्ध होत नाही. हृदयाची कळ स्वतःहूनही कमी-जास्त होते आणि ढेकर झटक्यातही येते. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन आहे आणि वय चाळिशीच्या पुढे आहे, त्यांच्या बाबतीत ‘पित्त’ हे निदान ईसीजीनंतर करावे, आधी नव्हे. हाच या संपूर्ण पानाचा आग्रह आहे.

६. मे महिन्यात शेतात चक्कर येऊन घाम सुटला, तर ऊन लागले समजायचे की अटॅक?

परभणी, नांदेड, बीड या भागांत उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हा प्रश्न खरोखरच अवघड होतो, कारण उन्हाने आलेला थकवा आणि हृदयविकाराचा झटका या दोन्हींत घाम, मळमळ, चक्कर आणि गळाठा असतो. शिवाय उन्हात शरीरातील पाणी कमी होते, हृदयाला जास्त काम पडते आणि ज्याच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याला त्याच दुपारी झटकाही येऊ शकतो. म्हणजे एक असले की दुसरे नाही, असे समजता येत नाही.

रुग्णाला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि तो शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. अंग तापलेले आहे आणि तो असंबद्ध बोलतो आहे, तर तो उष्माघात असू शकतो आणि तीही तातडीची अवस्था आहे. अंग गार पडले आहे, सावलीत येऊन पंधरा-वीस मिनिटे झाली तरी घाम थांबत नाही, धाप लागते किंवा खांदा, पाठ, जबडा धरला आहे, तर हृदयाची शंका घेऊन लगेच निघावे. दोन्ही प्रसंगी जायचे दवाखान्यातच आहे. तेथे उन्हाचा उपचार सुरू असतानाच ईसीजीही काढायला सांगावा.

७. अशक्तपणा वाटतो म्हणून सलाइन लावून घेतले तर चालते का?

आधी ईसीजी, नंतर सलाइन. हा क्रम उलटल्यामुळे मराठवाड्यात किती तरी मोलाचे तास वाया जातात आणि ते पाहून जीव तुटतो. चित्र बहुधा ठरलेले असते. पंचावन्न-साठीची बाई, दहा वर्षांचा मधुमेह, कापूस वेचायला गेलेली. दुपारी दोन उलट्या होतात, हातपाय गळतात, घाम येतो. मुलगा मोटारसायकलवर मधे बसवून जवळच्या दवाखान्यात आणतो. ‘चार दिवस जेवण नाही, अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ असे तोच सांगतो. बाटली लागते, उलटीचे इंजेक्शन मिळते, आडवे पडल्याने जरा बरे वाटते आणि मंडळी संध्याकाळी घरी जातात. रात्री धाप लागते तेव्हा झटका येऊन आठ-दहा तास उलटलेले असतात.

यात नुकसान दोन प्रकारे होते. पहिले म्हणजे गुठळी विरघळवण्याचा सर्वांत चांगला काळ निघून जातो. दुसरे म्हणजे झटक्याने हृदय दुबळे झालेले असेल, तर भराभर दिलेले सलाइन फुप्फुसांत साचून धाप वाढवू शकते. काही विशिष्ट झटक्यांत सलाइनची गरज असतेही, परंतु ते डॉक्टरांनी ईसीजी आणि रक्तदाब पाहून ठरवायचे असते. म्हणून नातेवाइकांनी दवाखान्यात निदान सांगू नये, लक्षणे सांगावीत. आणि ‘मधुमेह आहे, ईसीजी काढता का?’ हे वाक्य आवर्जून उच्चारावे.

८. आईला मधुमेह आहे. अचानक घाम आला की आम्ही साखर कमी झाली समजून गोड देतो. ते बरोबर आहे का?

बरोबर आहे, पण तेथेच थांबू नये. घरी ग्लुकोमीटर असेल तर आधी साखर मोजावी. ती ७०पेक्षा कमी असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. साखर ठीक असूनही घाम येतो आहे, किंवा साखर वर आल्यावरही त्रास थांबत नाही, तर प्रश्न ९ प्रमाणे वागावे. साखर एकाएकी फार वाढलेली आढळली तरीही सावध व्हावे, कारण झटक्याच्या ताणाने साखर वाढते आणि मधुमेह्यात कधी कधी तेवढीच एक खूण दिसते.

९. शंका आली तर पहिल्या अर्ध्या तासात नेमके काय करावे?

रुग्णाला चालू देऊ नये, जिना चढू-उतरू देऊ नये. पाठीला आधार देऊन अर्धवट बसवावे. धाप लागली असेल तर आडवे करण्याचा आग्रह धरू नये. चक्कर येत असेल आणि धाप नसेल तर आडवे करावे. १०८ क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे. फोनवर गावाचे नाव, ओळखीची खूण आणि ‘हार्ट अटॅकची शंका आहे’ एवढे स्पष्ट सांगावे. रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असेल तर चारचाकी मिळवून निघावे आणि रुग्णाला मोटारसायकलवर नेणे शक्यतो टाळावे, कारण वाटेत शुद्ध हरपली तर तेथे काहीच करता येत नाही. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. गोळ्यांविषयी प्रश्न १० पाहावा.

चालू असलेल्या औषधांच्या पुड्या, जुने ईसीजी, आधार कार्ड आणि रेशन कार्ड एका पिशवीत घ्यावे. त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून ठेवावी, कारण पुढचा सगळा उपचार त्या वेळेवरून ठरतो.

रुग्ण कोसळला, हाक मारल्यावर हलत नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे झाले तर हृदय थांबले समजून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाब द्यायला लागावे. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये, माणसे आळीपाळीने बदलावीत.

१०. घरात ॲस्पिरिन आणि सॉर्बिट्रेट आहे. द्यावी का?

या दोन गोळ्यांचे उत्तर एक नाही.

ॲस्पिरिन सुमारे ३०० मिलिग्रॅम, चावून द्यावी. विरघळणारी साधी गोळी असेल तर एक पुरते. हृदयाच्या रुग्णांच्या घरी ७५ मिलिग्रॅमच्या लहान गोळ्या असतात, त्या चार घ्याव्यात. त्यांवर आतड्यात विरघळणारा थर असतो, म्हणून गिळण्याऐवजी चावणे महत्त्वाचे. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अलीकडे रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचाला होणे, अथवा तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे अशी पक्षाघाताची लक्षणे असतील तर ती देऊ नये.

सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवल्याने रक्तदाब झपाट्याने उतरतो. छातीत दुखणारा आणि ही गोळी आधीपासून ज्याला लिहून दिलेली आहे असा रुग्ण ती बसून घेऊ शकतो. या पानाचा विषय असलेले रुग्ण मात्र बहुधा चक्कर, गार घाम आणि उलट्या घेऊन येतात, त्यांचा रक्तदाब आधीच खाली असू शकतो आणि अशा वेळी शेजाऱ्याच्या खिशातील सॉर्बिट्रेट त्यांना बेशुद्ध करू शकते. म्हणून रक्तदाब मोजल्याशिवाय ती देऊ नये. लैंगिक शक्तीसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी आदल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट मुळीच घेऊ नये, आणि रुग्णाने संकोच न करता हे डॉक्टरांना सांगावे.

११. तालुक्याला थांबावे की थेट मोठ्या शहरात न्यावे?

ईसीजी जेथे सर्वांत लवकर निघेल तेथे आधी जावे, मग ते ग्रामीण रुग्णालय असो, उपजिल्हा रुग्णालय असो की खासगी दवाखाना. ईसीजीत मोठ्या धमनीत पूर्ण अडथळा असल्याची खूण दिसली आणि अँजिओप्लास्टीची (बारीक नळीतून फुगा नेऊन धमनी उघडण्याची) सोय असलेल्या ठिकाणी पोहोचून धमनी उघडायला दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच देऊन मग पुढे पाठवणे श्रेयस्कर असते. टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज ही त्यांची नावे आहेत. पहिल्या तीन तासांत त्यांचा लाभ सर्वाधिक असतो आणि बारा तासांनंतर तो फारसा उरत नाही. किनवटहून नांदेडचे अंतर लक्षात घेतले तर ही गोष्ट किती निर्णायक आहे ते कळेल.

जवळचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात असते असेही नाही. आष्टीकरांना अहिल्यानगर, तुळजापूरकरांना सोलापूर जवळ पडते. जिल्ह्याची हद्द पाहू नये, रस्ता पाहावा. आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘इंजेक्शन देऊन पाठवतो’ असे म्हटल्यावर ‘इथे काही करू नका, आम्ही शहरात नेतो’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

१२. पैशांची सोय नसेल तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास या उपचारांचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्यांना गाठावे. तातडीच्या वेळी उपचार आधी सुरू करून कागदपत्रे नंतर पूर्ण करता येतात, म्हणून कागदांसाठी रुग्णाला घरी थांबवून ठेवू नये.

१३. जोरजोरात खोकल्याने किंवा तिखटाचे पाणी प्यायल्याने अटॅक थांबतो, असे मोबाइलवर येते. खरे आहे का?

नाही. दोन्हींचा धमनीतील गुठळीवर कोणताही परिणाम होत नाही, आणि उलटी होत असलेल्या रुग्णाला तिखटाचे पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

१४. ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे अटॅक नाही ना?

एक नॉर्मल ईसीजी पुरेसा नाही. झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी अगदी साधा दिसू शकतो आणि हृदयाच्या मागच्या बाजूचा झटका नेहमीच्या बारा नोंदींत लपून राहू शकतो. त्यासाठी ईसीजीच्या यंत्राची अंगावर चिकटवायची जास्तीची बटणे पाठीकडे लावून नोंद घेतात. त्रास चालू असेल तर दर पंधरा-तीस मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात.

सोबत रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. हृदयाचा स्नायू मरू लागला की हे द्रव्य रक्तात उतरते, परंतु नेहमीच्या तपासणीत ते दिसायला तीन ते सहा तास लागतात. त्रास सुरू होऊन तासभरच झाला असेल तर पहिली तपासणी निर्दोष येणे स्वाभाविक आहे आणि ती काही तासांनी पुन्हा करावी लागते. ‘पुन्हा कशाला रक्त काढता, पैसे उकळता का?’ असे रुग्णाच्या घरचे विचारतात. त्याचे कारण हे आहे. उलट, ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या अहवालाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत.

१५. बायकांचा अटॅक वेगळा असतो का?

बहुतेक स्त्रियांनाही छातीतच दुखते, हे आधी स्पष्ट करावे. मात्र न दुखण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ४२ टक्के स्त्रियांना आणि सुमारे ३१ टक्के पुरुषांना छातीत दुखत नव्हते. थकवा, मळमळ, पाठ आणि जबडा दुखणे, धाप ही लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात, आणि ती पाळी जाणे, अंगातील रक्त कमी असणे किंवा मनाचा ताण यांच्या नावावर टाकली जातात.

आणखी एक अडसर आहे, ज्याविषयी कोणी उघड बोलत नाही. ईसीजी काढताना छाती उघडी करावी लागते. हातापायांना चार चिमटे आणि छातीवर जेली लावून सहा बटणे, बऱ्याच ठिकाणी रबरी फुग्यांची, लावतात. त्यांतील काही डाव्या स्तनाच्या खाली बसवावी लागतात. पुरुष कर्मचारी समोर असला की बाई ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उठून बसते, किंवा बटणे संकोचाने साडीच्या कडेने कशीतरी चिकटवली जातात आणि ईसीजी चुकतो. परिचारिकेला बोलवा, पडदा लावा, असे स्पष्ट म्हणावे. सगळे काम पाच मिनिटांचे असते आणि त्यात काहीही दुखत नाही.

तरुण स्त्रियांत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, धमनीच्या भिंतीचा आतला थर आपोआप फाटूनही झटका येतो. हा प्रकार विरळ आहे, पण बाळंतिणीला अचानक धाप, घाम आणि पाठीत कळ आली तर ‘ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असणारच’ असे म्हणून वाट पाहू नये.

१६. ऐंशी वर्षांचे वडील अचानक काहीबाही बोलू लागले आणि पडले. हेही हृदयामुळे होऊ शकते?

होऊ शकते. या वयात धाप, चक्कर येऊन पडणे, अचानक गोंधळणे किंवा जेवण एकाएकी सुटणे हेच झटक्याचे एकमेव चिन्ह असू शकते. पक्षाघात, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडिअम कमी होणे यांतही असेच होते, म्हणून येथे अंदाजाने ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. दवाखान्यात डोक्याच्या तपासण्यांबरोबर ईसीजीही काढावा एवढे लक्षात ठेवावे. पडल्यामुळे हाड मोडले असेल, तर सर्वांचे लक्ष मोडलेल्या हाडाकडे जाते आणि माणूस पडला कशामुळे हे विचारायचे राहून जाते.

१७. दुखले नाही, म्हणजे अटॅक सौम्य होता असे समजायचे का?

मुळीच नाही. प्रश्न १ मध्ये उल्लेखलेल्या नोंदींत छातीत दुखणाऱ्यांपैकी ९.३ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, तर न दुखणाऱ्यांपैकी २३.३ टक्के. हे रुग्ण वयाने मोठे आणि मधुमेहासारख्या आजारांनी ग्रासलेले होते, हे त्याचे एक कारण. पण ते उशिरा पोहोचले, सरासरी ५.३ तासांऐवजी ७.९ तासांनी, आणि पोहोचल्यावरही त्यांच्यातील झटका लवकर ओळखला गेला नाही. वय आणि मधुमेह त्या दिवशी आपल्या हातात नसतात. उशीर मात्र कमी करता येतो.

१८. तपासणीत ‘जुना अटॅक येऊन गेलेला दिसतो’ असे सांगितले. मला तर कधीच काही झाले नाही.

असे खूप जणांना होते. अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात नोंदल्या गेलेल्या झटक्यांपैकी सुमारे ४५ टक्के झटके असे गुपचूप येऊन गेलेले होते. तरी आधी निदान पक्के करावे. ईसीजीच्या कागदावर यंत्राने आपोआप छापलेली ओळ बऱ्याचदा चुकते. छातीवरची बटणे थोडी वर लागली तरी ते यंत्र जुना झटका दाखवू शकते. ईसीजी तज्ज्ञाला दाखवावा आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाचा कोणता भाग कमी हलतो आहे का ते पाहावे.

निदान खरे ठरले तर उपचार दुखून आलेल्या झटक्यासारखेच असतात : ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू पूर्ण बंद करणे आणि हृदय कमकुवत असेल तर त्यासाठीची औषधे. अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांत औषध सोडून काढलेले एक्स-रे चित्रण) प्रत्येकालाच लागत नाही. इकोचा निष्कर्ष आणि चालताना होणारा त्रास पाहून ती ठरवतात.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जाणारा असतो. पत्र्याच्या घरात, ट्रंकेत ठेवलेला तो कागद काही वर्षांत कोरा पडतो. त्याची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. पुढे कधी मध्यरात्री दवाखान्यात जावे लागले तर जुन्या ईसीजीशी तुलना करून डॉक्टर काही मिनिटांत ठरवू शकतात की हा बदल नवा आहे की पूर्वीचाच.

१९. मग प्रत्येक मधुमेह्याने दरवर्षी स्ट्रेस टेस्ट किंवा अँजिओग्राफी करावी का?

काहीही त्रास नसलेल्या मधुमेह्यांत सरसकट अशा तपासण्या केल्याने झटके किंवा मृत्यू कमी झाल्याचे दिसलेले नाही. वर्षातून एकदा साधा ईसीजी काढावा, त्याचा उपयोग प्रश्न १८ मध्ये सांगितलाच आहे. चालण्याची ताकद कमी झाली, नव्याने धाप लागू लागली किंवा ईसीजी बदलला, तर पुढच्या तपासण्या जरूर कराव्यात. उरलेला पैसा औषधे न चुकवण्यासाठी वापरलेला अधिक फळतो.

२०. अँजिओप्लास्टी झाली आहे. पुन्हा अटॅक आला तर पहिल्यासारखेच होईल का?

पुष्कळदा पहिल्यासारखेच होते, म्हणून आपली पहिली लक्षणे लक्षात ठेवावीत आणि घरच्यांनाही सांगून ठेवावीत. पण तसेच होईल असा भरवसा धरू नये. झटक्यानंतर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. दाढ काढायची म्हणून किंवा बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हंगामाला निघताना पुरेल इतका साठा आणि चिठ्ठीची प्रत बरोबर न्यावी.

दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा झटका बहुधा वेदनेविना असतो, कारण रुग्ण वेदनाशामक औषधांखाली असतो. म्हणून हृदयाचा इतिहास भूलतज्ज्ञांना आधीच सांगावा.

२१. डायलिसिसवरील रुग्णाचे ट्रोपोनिन नेहमीच वाढलेले येते. मग कसे ओळखायचे?

एका आकड्यावरून नाही, तर काही तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन आकड्यांतील फरकावरून. मूत्रपिंडाच्या आजारात ट्रोपोनिन वाढलेले पण स्थिर असते. झटक्यात ते चढते आणि मग उतरते. डायलिसिस सुरू असताना वारंवार रक्तदाब पडणे, घाम येणे किंवा दोन डायलिसिसच्या मध्ये लवकर धाप लागू लागणे याला नेहमी ‘पाणी वाढले’ असे म्हटले जाते. पाण्याचे वजन तेवढेच असूनही असे होत असेल तर ईसीजी आणि इको करावा.

२२. अटॅक आहे म्हणाले, पण अँजिओग्राफीत ब्लॉकच निघाला नाही. मग निदान चुकले का?

चुकलेच असे नाही. झटक्याच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांच्या मोठ्या धमन्यांत लक्षणीय अडथळा सापडत नाही आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त असते. गुठळी अँजिओग्राफीपूर्वीच विरघळलेली असणे, धमनी काही काळ आकुंचन पावून पुन्हा मोकळी होणे, प्रश्न १५ मधील थर फाटणे किंवा अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा दोष ही त्याची कारणे असतात. हृदयाच्या स्नायूचा दाह आणि तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदय तात्पुरते दुबळे होणे यांतही ईसीजी आणि ट्रोपोनिन झटक्यासारखेच दिसतात. प्रत्येक कारणाचे औषध वेगळे असल्याने इको आणि शक्य असल्यास हृदयाचा एमआरआय करून कारण शोधावे लागते. ‘ब्लॉक नाही’ एवढे ऐकून गोळ्या बंद करू नयेत. घरी सोडताना दिलेल्या कागदावर नेमके कोणते निदान लिहिले आहे ते विचारून घ्यावे आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवावी.